हिममानवाचं हाड कुठंय?

प्रश्न : माझ्या मोठ्या चुलतभावाशी गेले सहा महिने एकच वाद चाललाय. विषय हिममानव. मी म्हणते, इतक्या वर्षांत एक कवटी, एक मांडीचं हाड, काही म्हणजे काही सापडलं नाही, म्हणजे तो प्राणीच नाही. दादा म्हणतो, ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. रानात मेलेलं अस्वल तरी कोणाला सापडतं? जायगँटोपिथेकस या महाकाय वानराचाही सांगाडा नाही, तरी शास्त्रज्ञ तो होता असं मानतातच ना? यावर मला उत्तर सुचत नाही आणि तो हसत बसतो. पुढच्या महिन्यात तो एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंतचा ट्रेक करणार आहे. ‘केस, हाड, काहीतरी घेऊनच येतो’ असं सगळ्यांना सांगून बसलाय. आमच्यात बरोबर कोण? आणि त्याला आणायला सांगू तरी काय?

उत्तर : अवशेष न सापडल्याने ‘सिद्ध’ होतं का, एवढ्या एका शब्दापुरता दादा बरोबर आहे. बाकी बाजू तुमची भक्कम आहे. पण तुम्ही ती चुकीच्या टोकाने धरलीय, म्हणून तो दर वेळी निसटतो.

मुळात ‘काहीच सापडलं नाही’ हे खरं नाही. हिममानवाचे म्हणून दाखवलेले अवशेष भरपूर आहेत. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुमजुंग गावच्या मठात त्याची ‘टाळू’ (डोक्यावरचं केसाळ कातडं) आहे, पांगबोचे गावच्या मठात त्याचा ‘हात’ होता; शिवाय केस, कातडी, दात, हाडं, वाळलेली विष्ठा. प्रश्न ते सापडण्याचा नव्हताच. तपासल्यावर ते कुणाचे निघाले, हा होता.

खुमजुंगची टाळू १९६० मध्ये एडमंड हिलरींच्या मोहिमेने गावकऱ्यांकडून मुदतीवर मागून घेतली आणि शिकागो, पॅरिस, लंडन इथल्या जाणकारांना दाखवली. सेरो नावाचा बकऱ्यासारखा हिमालयी प्राणी असतो. त्याचं कातडं साच्यावर ताणून ती बनवली होती, असा निष्कर्ष निघाला. पांगबोचेच्या हाताचं एक बोट लंडनच्या संग्रहात पडून होतं. २०११ मध्ये त्याचा डीएनए तपासला, तो माणसाचा निघाला. २०१७ मध्ये शार्लोट लिंडक्विस्ट या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी तिबेट-हिमालय भागातले ‘यतीचे’ (म्हणजे हिममानवाचेच) म्हणून जपलेले ९ नमुने तपासले. त्यांतले ८ अस्वलांचे होते (आशियाई काळं, हिमालयी तपकिरी, तिबेटी तपकिरी) आणि एक कुत्र्याचा.

म्हणून दादाला पुढच्या वेळी ‘हाड दाखव’ म्हणू नका. दाखवलेल्या हाडांचं काय झालं ते विचारा. न सापडलेल्या पुराव्यापेक्षा सापडून फुसका ठरलेला पुरावा जास्त बोलतो, कारण तिथे ‘कुणी शोधलंच नाही’ ही सबब चालत नाही.

आता त्याचा अस्वलाचा मुद्दा. तो उगाच उडवून लावू नका, अर्धा खरा आहे. आजारी जनावर आडोशाला जाऊन मरतं. कोल्हे, गिधाडं, किडे काही आठवड्यांत मांस संपवतात. साळिंदर आणि उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी कॅल्शियमसाठी हाडं खातात. आम्लधर्मी वनमातीत उरलेलं हाड विरघळतं. हिमालयात तर दाढीवालं गिधाड आहे, त्याच्या आहाराचा मोठा भाग हाडंच असतात; मोठं हाड ते उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि गिळतं. आपसूक मेलेल्या अस्वलाचा अख्खा सांगाडा वाटेत दिसणं खरोखर दुर्मीळ आहे.

पण अस्वल आहे हे आपल्याला त्या सांगाड्यावरून कळलेलंच नाही. ते शिकारीत मारलं जातं, गाडीखाली येतं, शेतात शिरतं, माणसावर हल्ला करतं, झाडाला अंग घासून केस सोडतं, कॅमेऱ्यात येतं आणि रोज विष्ठा टाकतं. एकच वाट बंद असली तर प्राणी लपू शकतो. एवढ्या वाटा एकाच वेळी बंद कशा राहतील, हे दादाला सांगावं लागेल.

यातला आकड्यांचा भाग कागदावर मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. समजा, हिममानव ५०० आहेत आणि एक सरासरी २५ वर्षं जगतो. म्हणजे वर्षाला २० मरतात, ५० वर्षांत १,०००. आता एकच आकडा ठरवायचा : एका मृतदेहाचा कवटी, दात, कातडं असा कुठलातरी ओळखता येणारा तुकडा कुणाच्या हाती लागून तपासणीपर्यंत पोचण्याची शक्यता किती? ती १०,००० मध्ये १ धरली, तर ५० वर्षं काहीही न सापडण्याची शक्यता ९० टक्के. म्हणजे दादा निवांत. १,००० मध्ये १ धरली, तर ३७ टक्के. ३०० मध्ये १ धरली, तर साडेतीन टक्के. आणि १०० मध्ये १ धरली, तर जवळजवळ २३,००० मध्ये १. (कॅल्क्युलेटरवर ०.९९ चा १,००० वा घात काढा.) तुमच्या दोघांचा अख्खा वाद या एका आकड्यात आहे. ‘आहे-नाही’ सोडा आणि त्याच्यावर भांडा.

दादा म्हणेल, ५०० कशाला, ५० असतील. तर मग ५० वर्षांत मरणारे १०० च, आणि न सापडणं बरंच सोपं होतं. पण इतक्या थोड्या संख्येचा कळप आपसातल्या प्रजननाने खचतो. संवर्धनशास्त्रात जुना ठोकताळा आहे की प्रजननक्षम प्राणी थोड्या काळापुरते निदान ५० आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकायला ५०० लागतात. ठोकताळाच आहे तो, नियम नव्हे. पण लपायला सोपं जावं म्हणून संख्या जितकी कमी कराल, तितका प्राणी टिकणं अवघड होतं, ही कात्री त्यातून सुटत नाही.

शिवाय वरच्या हिशेबात फक्त मरण मोजलंय. मरतो एकदाच, शौचाला रोज जातो. ५०० प्राण्यांची दिवसाला एक विष्ठा धरली तरी ५० वर्षांत ९१ लाखांवर होतात. यातली एकही कुणाच्या बाटलीत गेली नाही असं मानायचं, तर त्या भागात कुणी विष्ठा गोळाच करत नाही असं म्हणावं लागेल. आणि करतात ना! २०१९ मध्ये एव्हरेस्ट परिसरातून संशोधकांनी विष्ठेचे नमुने आणले. त्यांतल्या डीएनएवरून तिथे पॅलस मांजर, म्हणजे मनूल, राहतं हे कळलं. नमुने ५,११० आणि ५,१९० मीटर उंचीवरचे, एकमेकांपासून ६ किलोमीटरवरचे. ही बातमी २०२३ ची. घरच्या मांजराएवढा प्राणी, तिथे असल्याची आधी कुणाला कल्पनाही नव्हती. तो कुणाला दिसला नाही, मेलेला सापडला नाही, तरी दोन जागच्या विष्ठेवरून पकडला गेला. त्याच डोंगरउतारांवर माणसाएवढा किंवा त्याहून मोठा प्राणी फिरत असेल, तर तो जातो कुठे? आम्हाला विचाराल, तर तुमच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा हाच.

दुसरी मोजपट्टी हिमबिबट्या. विरळ, रंगाने खडकात मिसळणारा, माणसाला टाळणारा. भारतात २०१९ ते २०२३ या काळात त्याची पहिली पद्धतशीर गणती झाली. १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले, त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे ओळखू आले आणि त्यावरून देशातली संख्या ७१८ असावी असा अंदाज निघाला. हिमबिबट्याची कातडी, कवट्या, विष्ठा, ठसे सगळं आपल्याकडे आहे. तेव्हा ५०० ची संख्या आणि लाजाळूपणा ही सबब त्याच डोंगरांत तपासून झालेली आहे.

जायगँटोपिथेकसचं उत्तर सोपं आहे, इतके दिवस सुचलं कसं नाही तुम्हाला! सांगाडा नाही हे खरं, पण अवशेष आहेत. १९३५ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ फॉन क्योनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकायला ठेवलेली त्याची दाढ मिळाली. तेव्हापासून सुमारे २,००० दात आणि खालच्या जबड्याचे चार तुकडे सापडलेत. बाकीची हाडं साळिंदरांनी कुरतडून संपवली असावीत असं मानतात. दाताचं कवच मात्र शरीरातला सगळ्यात कठीण भाग, ते उरलं. दक्षिण चीनमधल्या गुहांतल्या थरांवरून हे वानर २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वी नामशेष झालं असं २०२४ च्या संशोधनात निघालं. लाखो वर्षांपूर्वी संपलेल्या प्राण्याचे दोन हजार दात, आणि आज जिवंत म्हणवणाऱ्याचा एकही नाही. हे उदाहरण दादाने स्वतःच्याच गोलपोस्टात मारलंय.

दादाची बाजू खरोखर बळकट असते ती कुठे, हेही माहीत असू द्या, म्हणजे वाद खेळीमेळीने चालेल. सीलाकँथ मासा जीवाश्मांत ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीनंतर दिसतच नव्हता. सगळे त्याला नामशेष धरून चालले होते. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तो मासेमारीच्या जाळ्यात आला. मधल्या काळाचे जीवाश्म नव्हते, कारण तो खोल पाण्यातल्या खडकाळ उतारांवर राहतो. तिथला गाळ आपण चाळलेलाच नव्हता. गंमत म्हणजे कोमोरो बेटांवरचे कोळी त्याला ‘गोंबेसा’ म्हणून ओळखत होते. म्हणजे पुरावा नव्हता तो शास्त्रज्ञांकडे.

रानपिंगळ्याची गोष्ट याहून चक्रम आहे. या घुबडाचा शेवटचा अस्सल नमुना १८८४ चा. पुढे शंभरएक वर्षं तो कुणाला खात्रीलायक दिसला नाही. मधे एक नमुना होता, मायनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचं सांगितलेला, आणि त्यावर भिस्त ठेवून लोक भलतीकडे शोधत राहिले. तो नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी खोट्या नोंदी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. इथे ‘सापडत नाही’ याला शून्य किंमत होती, कारण शोध चुकीच्या जागी चालला होता.

या दोन्हींत समान काय? योग्य ठिकाणी, योग्य पद्धतीने, पुरेसा वेळ कुणी बघितलंच नव्हतं. न सापडण्याचं वजन शोधाच्या वजनाइतकंच असतं. एखादी जात नामशेष जाहीर करतानाही आययूसीएन ही जागतिक निसर्गसंवर्धन संघटना हीच अट घालते : ज्ञात आणि संभाव्य अधिवासात, योग्य वेळी, कसून शोध झालेला हवा. टास्मानियन वाघाचा शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. नामशेष ही नोंद झाली १९८२ मध्ये. हिममानवाच्या बाबतीत शोध १९५० च्या दशकापासून चालू आहे, तोही उत्साहाने. नेपाळमध्ये त्याच्या शोधमोहिमांना ५,००० रुपयांचा परवाना लागायचा आणि दिसला तर जिवंत पकडायचा, जिवावर बेतल्याशिवाय मारायचा नाही, असे नियम होते. नियम होते म्हणजे गिऱ्हाइकं होती.

आता ट्रेक.

पहिलं आणि महत्त्वाचं : दादाने काहीही घेऊन यायचं नाही. एव्हरेस्टची वाट सगरमाथा राष्ट्रीय उद्यानातून जाते. तिथून परवानगीशिवाय केस, हाड, विष्ठा उचलणं हा नेपाळच्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ‘यतीचा’ केस हिमालयी अस्वलाचा निघण्याची शक्यता दांडगी, आणि त्या अस्वलांचे अवयव सीमेपार नेण्यावर सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कडक निर्बंध आहेत. यती सापडला नाही तरी चालेल, विमानतळावर दादा सापडायला नको.

त्याने आणायचे ते फोटो आणि नोंदी. बर्फातला ठसा दिसला, तर :

– ठशावर बरोबर उभा, लंब कॅमेरा धरून फोटो घ्यायचा. ठशाच्या लांबीला आणि रुंदीला दोन मोजपट्ट्या टेकवून. तिरक्या फोटोवरून माप निघत नाही.
– एकच ठसा निरुपयोगी. सलग आठ-दहा ठशांची रांग, दोन पावलांमधलं अंतर, उताराची दिशा, ऊन कुठून येतंय, वेळ आणि तापमान लिहून घ्यायचं.
– तोच ठसा तीन-चार तासांनी पुन्हा मोजायचा. उन्हात कडा वितळून ठसा पसरतो आणि बोटांच्या जागा एक होतात.
– अंगठा कुठे आहे ते बघायचं. माणसाचं सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला असतं, अस्वलाचं बाहेरच्या. नख्यांच्या खुणा बोटांच्या पुढे, थोड्या अंतरावर शोधायच्या.

अस्वल माणसासारखं पूर्ण तळवा टेकून चालतं आणि चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो. दोन ठसे मिळून एक लांबलचक ‘पाऊल’ तयार होतं, दोन पायांवर चालल्यासारखं. १९५१ मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेला प्रसिद्ध फोटो असो, की एप्रिल २०१९ मध्ये मकालू तळाजवळ भारतीय लष्कराच्या तुकडीला दिसलेले ३२ × १५ इंचांचे ठसे, दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न पहिला विचारायचा. दोन ठशांच्या मधे काय होतं, आणि ते किती तासांपूर्वीचे होते?

परवानाधारक संशोधक बरोबर असेल आणि तो नमुना घेत असेल, तर दादाने बघून शिकण्यासारखं बरंच आहे. दर नमुन्याला नवा हातमोजा. केस मुळासकट हवा. मूळ नसलेल्या जुन्या केसातून बहुधा फक्त मायटोकॉन्ड्रिअल डीएनए निघतो, त्यावरून आईकडचा वंश कळतो, बाकी फार नाही. केस कागदी पाकिटात ठेवायचा, बरोबर सिलिका जेलची पुडी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए तुटतो. विष्ठा ९५ टक्के इथेनॉलमध्ये. आणि एक पाकीट रिकामं, काहीही न घालता, त्याच हातांनी बंद केलेलं. त्यात डीएनए निघाला, तर तो हाताळणाऱ्यांकडून आलाय हे कळतं.

प्रयोगशाळेचा निकाल आला तरी शेवटची ओळ तेवढी वाचू नका. २०१४ मध्ये जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी जगभरातल्या ‘यती’ आणि ‘बिगफूट’ (त्याचा अमेरिकी भाऊबंद) यांच्या म्हणून दिलेल्या केसांपैकी ३० नमुन्यांचा डीएनए वाचला. सगळे ज्ञात प्राण्यांचे निघाले, पण लडाख आणि भूतानचे दोन नमुने ४०,००० वर्षांहून जुन्या ध्रुवीय अस्वलाशी तंतोतंत जुळल्याचं त्यांनी म्हटलं. ‘यती म्हणजे अज्ञात अस्वल’ अशा बातम्या झाल्या. इतरांनी तपासल्यावर ते हिमालयी तपकिरी अस्वलच ठरलं. वाचलेला तुकडा डीएनएच्या फक्त १०४ अक्षरांचा होता. एवढ्याशा तुकड्यात जवळच्या जाती वेगळ्या काढता येत नाहीत. तेव्हा किती लांबीचा भाग वाचला, हे आधी विचारायचं. ‘जुळणी नाही’ असा शेरा असला, तर तो बहुतेक वेळा नमुना कुजल्याचा असतो, नव्या प्राण्याचा नव्हे.

निघण्यापूर्वी दादाकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घ्या : हिममानव किती मोठा, काय खातो, कुठल्या उंचीवर राहतो, किती असतील, आणि काय दिसलं किंवा दिसलं नाही, तर तो आपलं मत बदलेल. तुम्हीही तुमच्या ओळी लिहा. हे आधी केलं नाही, तर प्राणी वादात सोयीने बदलत जातो. कॅमेऱ्यात येत नाही म्हणून निशाचर, विष्ठा मिळत नाही म्हणून गुहेत राहणारा, हाडं मिळत नाहीत म्हणून मेलेल्यांना पुरणारा. कुठल्याही पुराव्याने न हलणारा प्राणी शोधायला बूट झिजवायची गरज नाही.

आणि वाट खुमजुंगवरून जात असेल, तर मठात थांबायला सांगा. ती टाळू अजून काचेच्या पेटीत ठेवलेली असते. मठाच्या लोकांनी परवानगी दिली तर फोटो काढावा, दक्षिणा ठेवावी, आणि त्यांच्यासमोर सेरोचा विषय काढू नये.